पंचक्रोशीबाहेरची सोयरीक

२००८ साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात एक आकृती छापून आली आणि जनुकशास्त्राच्या वर्तुळाबाहेरही तिचा बोलबाला झाला. जॉन नोव्हेम्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या १,३८७ माणसांच्या डीएनएतल्या लाखांवर जागा एकमेकांशी ताडून पाहिल्या. जनुकांनी जवळची माणसं कागदावर जवळ आणि लांबची लांब, असे ठिपके मांडले. कोण कुठला, हे गणिताला सांगितलेलं नव्हतं. तरीही कागदावर उमटला तो सहज ओळखू येणारा युरोपचा नकाशा: एका कडेला स्पेन-पोर्तुगाल, मध्ये फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, दक्षिणेकडे उतरलेली इटली, पूर्वेला पोलंड. निम्म्या माणसांचं मूळ ठिकाण निव्वळ डीएनएवरून ३१० किलोमीटरच्या आत आणि नव्वद टक्के माणसांचं ७०० किलोमीटरच्या आत सांगता आलं. स्वित्झर्लंडसारख्या चिमुकल्या देशात फ्रेंच बोलणारे, जर्मन बोलणारे आणि इटालियन बोलणारेसुद्धा आपापल्या भाषाबंधूंकडे किंचित झुकलेले दिसले. ही आकृती पाहून सामान्य वाचकाने जो अर्थ काढला तो स्वाभाविकच होता. युरोपातली माणसं शतकानुशतकं आपापल्या जागी बसून आहेत, मातीने त्यांच्या रक्तावर शिक्का उमटवला आहे आणि हा जुना शिक्का आता आपल्या डोळ्यांदेखत पुसला जातो आहे, असा तो अर्थ.

पण त्या शोधनिबंधात एक साधी अट होती, आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. ज्यांचे आजी-आजोबा वेगवेगळ्या देशांतले होते अशी माणसं हिशोबातून वगळली होती. २०१५ मध्ये वॉल्टर बॉडमर, पीटर डॉनेली, स्टीफन लेस्ली आदींनी ब्रिटनचा असाच, पण कितीतरी बारीक नकाशा काढला तेव्हा ही चाळण आणखी कडक केली. खेड्यापाड्यांतून निवडलेल्या २,०३९ जणांपैकी प्रत्येकाचे चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले असले पाहिजेत. त्यातून १७ गट निघाले. कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारशेजारच्या परगण्यांमधली जनुकीय सीमा जवळपास सरकारी हद्दीवरूनच जाते, हे पाहून संशोधकही चकित झाले. मात्र त्या आजी-आजोबांचं जन्मवर्ष सरासरीने १८८५ येतं. म्हणजे २१व्या शतकात छापलेला हा नकाशा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातल्या खेड्यांचा आहे, आणि तोही ज्यांनी गाव सोडलं नाही अशा घरांचा. लंडनला, मँचेस्टरला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांची नातवंडं त्यात नाहीत. संशोधकांनी हे लपवलेलं नाही; जुना इतिहास वाचायचा असेल तर अशी निवड करावीच लागते. पण चाळणीतून उरलेल्या माणसांवरून अख्ख्या युरोपाचं वर्तमान सांगायला गेलं की गफलत होते. गेल्या चार-पाच शतकांत युरोपाच्या जनुकसंचयात मूळ घटक किती बदलले यापेक्षा ते घटक कुणाकुणात कसे वाटले गेले, हे कितीतरी जास्त बदललं. नकाशावरच्या ज्या बारीक रेघा सोयरिकींनी ओढल्या त्यांतल्या पुष्कळशा समजल्या जातात तितक्या जुन्या नाहीत, आणि त्या पुसल्या जाताहेत त्याही सोयरिकींमुळेच.

मूळ घटकांची घडण फार आधीची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. प्राचीन हाडांतून डीएनए काढण्याचं तंत्र गेल्या पंधरा वर्षांत हाती आलं. मराठी वाचकाला त्याची ओळख आहे ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी राखीगढीच्या सांगाड्यावर केलेल्या कामामुळे, आणि त्यावर उठलेल्या वादामुळे. युरोपात याच तंत्राने तीन मोठे पूर्वजसमूह दाखवून दिले: हिमयुगानंतरचे शिकारी, अनातोलियातून आलेले शेतकरी, आणि साधारण पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतून पसरलेले पशुपालक. या उलथापालथी लहानसहान नव्हत्या. ब्रिटनमध्ये इसवी सनापूर्वी २४०० नंतरच्या काही शतकांत सुमारे ९० टक्के वंशवारसा नव्याने आलेल्यांचा झाला. ज्यांनी स्टोनहेंजचे प्रचंड दगड उभारले त्यांचा अंश आजच्या इंग्रजांत जेमतेम आहे. पुढे रोमन साम्राज्य मोडल्यावर इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण भागात उत्तर समुद्रापलीकडची माणसं आली. २०२२ मध्ये तपासलेल्या तिथल्या आरंभीच्या मध्ययुगीन सांगाड्यांत खंडावरून आलेल्या पूर्वजांचा वाटा सरासरी तीन-चतुर्थांशाच्या आसपास निघाला. सहाव्या ते आठव्या शतकात स्लाव लोक पसरले आणि पूर्व जर्मनीपासून पोलंडपर्यंतची वस्ती बहुतांशी नवी झाली. इसवी सन १००० च्या सुमारास मात्र मोठी चौकट बसली. त्यानंतरच्या हजार वर्षांत, अगदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, या प्रमाणाचा लोंढा युरोपात पुन्हा आला नाही.

याचा अर्थ माणसं हलली नाहीत असा नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गारेट अँटोनियो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ऐतिहासिक काळातल्या २०४ नव्या जनुकसंचांची भर घालून युरोप आणि भूमध्य प्रदेश तपासला गेला. त्या त्या जागी परका वाटावा असा वंश असलेली माणसं किमान ७ टक्के निघाली. रोमन सैन्य, गुलामांचा बाजार, व्यापार, बंदरं यांची रीत पाहता हे पटण्यासारखंच आहे. पण इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशी फिरून त्या त्या जागी मिसळत राहिली असती, तर काही शतकांत अख्खा युरोप जनुकीयदृष्ट्या सपाट व्हायला हवा होता. तसं झालं नाही. लोहयुगातली ढोबळ रचना आजही ओळखू येते. माझ्या मते हा विरोधाभास सुटतो तो एकाच रीतीने. येणं वेगळं आणि मुलंबाळं मागे ठेवणं वेगळं. शिपाई आला, छावणीत राहिला, मेला. गुलाम आला, त्याला लग्नाचा हक्क नव्हता. व्यापारी शहरात राहिला, आणि जुनी शहरं म्हणजे साथीच्या रोगांची आगरं, जिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आणि वस्ती टिकायची ती खेड्यांतून येणाऱ्या माणसांवर. साम्राज्यकाळातल्या रोम शहराची माणसं पूर्व भूमध्य प्रदेशाशी जुळणारी होती, हे तिथल्या दफनांवरून २०१९ मध्ये दिसलं. साम्राज्य ढासळल्यावर दोन-तीन शतकांत शहराचा कल पुन्हा युरोपकडे फिरला. प्रवासाच्या आकड्यांवरून जनुकांचं भाकीत करता येत नाही, हा धडा पुढे स्थलांतराच्या प्रश्नाकडे पाहताना कामी येईल.

आता त्या बारीक रेघांकडे येऊ. चौकट बसल्यावर युरोपात जे घडलं ते बहुतेक शांतपणे घडलं, आणि त्यामागे कुणाचा हेतू नव्हता. लहान वस्तीत जनुकांचं प्रमाण निव्वळ योगायोगाने सरकत जातं. गावात दहा आडनावं असली आणि एखाद्या घराण्यात दोन पिढ्या मुलीच झाल्या, तर ते आडनाव गावातून जातं आणि उरलेल्यांपैकी एखादं निम्म्या गावावर पसरतं. यात त्या आडनावाची काही थोरवी नसते. जनुकांचंही असंच होतं. लुइजी लुका कॅव्हाली-स्फोर्झा यांनी १९५०च्या दशकापासून इटलीतल्या पार्मा नदीच्या खोऱ्यात हेच दाखवून दिलं. त्यांचे विद्यार्थी-सहकारी अंतोनिओ मोरोनी हे स्वतः धर्मगुरू, त्यामुळे चर्चच्या चोपड्या त्यांना खुल्या होत्या. कॅथलिक चर्चमध्ये जवळच्या नात्यात लग्न करायचं तर परवानगी लागे आणि त्या परवानगीची नोंद राही. नात्यातल्या लग्नांचा इतका सलग दफ्तरी पुरावा जगात इतरत्र क्वचितच सापडेल. खोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या छोट्या गावांत रक्तगटांचं प्रमाण गावागणिक बदलत होतं. खाली मैदानात, मोठ्या गावांत आणि शहरात ते सारखं होत गेलं होतं. डोंगरातल्या गावांचे पूर्वज काही निरनिराळे नव्हते. ती गावं लहान होती, सोयरिकी आसपासच्या आसपास होत होत्या, आणि मधे काही शतकं गेली होती. फरकाला एवढं पुरलं.

आइसलंडमध्ये हाच प्रकार अख्ख्या देशावर घडला. इसवी सन ८७० ते ९३० च्या दरम्यान नॉर्वेकडून आणि ब्रिटिश बेटांतून आलेल्यांनी हे बेट वसवलं. पुरुष बहुतांशी नॉर्स, स्त्रियांत मात्र आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या गेलिक स्त्रियांचा मोठा भरणा. २०१८ मध्ये वसाहतकाळातल्या आणि त्या लगतच्या २७ सांगाड्यांचे जनुकसंच वाचले गेले तेव्हा विचित्र गोष्ट दिसली. हे मूळ रहिवासी आजच्या नॉर्वेजियन, आयरिश आणि स्कॉटिश लोकांशी जितके जुळतात तितके आजच्या आइसलंडी लोकांशी जुळत नाहीत. आजच्या आइसलंडी माणसाचे जवळपास सगळे पूर्वज तेच आहेत. बाहेरून फारसं कुणी आलेलं नाही. तरी वंशज पूर्वजांपासून दूर सरकले. पहिल्या पिढ्यांत नॉर्स अंश सरासरी ५७ टक्क्यांच्या आसपास होता, आज तो ७० च्या घरात आहे. १७०३ च्या जनगणनेत बेटावर जेमतेम पन्नास हजार माणसं होती. चारच वर्षांनी देवीची साथ आली. १७८३ मध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात पाचातला एक माणूस गेला. इतक्या लहान लोकसंख्येत दर आपत्तीला कुणाची घराणी टिकली आणि कुणाची संपली, एवढ्यावर जनुकांचं प्रमाण ठरत गेलं. ज्याला ‘शुद्ध’ रक्त म्हणायचा मोह होतो ते असं असतं: बाहेरचं काही न मिसळताही बदललेलं.

फिनलंडचा दाखला वैद्यकासाठी अधिक मोलाचा आहे. सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाने सावो भागातल्या शेतकऱ्यांना उत्तरेच्या आणि पूर्वेच्या ओसाड जंगलांत वसायला उत्तेजन दिलं. थोडी घराणी गेली, दूर दूर वसली, तिथेच वाढली. परिणाम असा की इतरत्र अगदी विरळ असलेले तीसहून अधिक आनुवंशिक आजार तिथे ठळक झाले, आणि पश्चिम युरोपात नेहमी आढळणारे सिस्टिक फायब्रोसिससारखे आजार तिथे दुर्मीळ राहिले. कुठला सदोष जनुक त्या मोजक्या घराण्यांबरोबर गेला आणि कुठला नाही, एवढाच हा खेळ. पूर्व आणि पश्चिम फिनलंडमधला जनुकीय फरक युरोपच्या मानाने फार मोठा आहे, आणि त्यातली पूर्वेकडची बाजू पुष्कळशी या चार-पाचशे वर्षांतली कमाई आहे.

काही रेघा अशा आपोआप उमटल्या नाहीत, सत्तेने ओढल्या. स्पेनमध्ये मुसलमानी राज्य सर्वांत जास्त काळ टिकलं ते ग्रॅनडात, १४९२ पर्यंत. साहजिकच उत्तर आफ्रिकेचा वारसा तिथे सर्वांत जास्त असेल असं वाटतं. क्लेअर बायक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १,४१३ स्पॅनिश माणसांचा बारीक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तो जास्त निघाला पश्चिमेला, गॅलिसियासारख्या प्रांतात, जिथे मुसलमानी अंमल नाममात्र होता. ग्रॅनडात तो कमी का, याचं उत्तर दफ्तरात आहे. १५६८ च्या बंडानंतर तिथल्या मोरिस्को लोकांना, म्हणजे बाटवून ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, इतर प्रांतांत विखुरलं गेलं. त्यांच्या जमिनींवर उत्तरेकडची घराणी बसवली गेली. आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं. स्पेनचे जनुकीय पट्टे आज उत्तर-दक्षिण असे उभे धावतात, कारण उत्तरेतली ख्रिस्ती राज्यं दक्षिणेकडे सरकत गेली तशी आपापली माणसं घेऊन गेली. दुसरं उदाहरण तर काल-परवाचं. १९४५ नंतर पोलंडची हद्द पश्चिमेला सरकवण्यात आली, सायलेशिया आणि पोमेरेनियातल्या जर्मनांना हुसकावलं गेलं आणि पूर्वेकडून उठवलेले पोलिश लोक त्यांच्या घरांत आले. एकूण मध्य आणि पूर्व युरोपातून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन निर्वासित झाले. २००५ मध्ये मॅनफ्रेड कायझर यांच्या गटाने बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र दोन्ही बाजूंना तपासलं, तर जनुकीय सीमा थेट आजच्या राजकीय सीमेवर उभी! एरवी माणसांच्या जनुकांत उतार असतो, कडा नसते. ही कडा साठ वर्षांची होती आणि चार-दोन पुढाऱ्यांनी टेबलावर आखलेली होती. नकाशात रेघ ठसठशीत दिसली म्हणून ती प्राचीन असेलच असं नाही, याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

या रेघा पुसायला सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकात. स्टीव्ह जोन्स या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने त्याचं श्रेय अर्ध्या गमतीने सायकलीला दिलं होतं: खेड्यातल्या तरुणाला पायी जाता येत नव्हतं अशा गावची मुलगी आता भेटू लागली. विधान चटकदार आहे आणि पूर्ण खोटंही नाही, पण त्यावर थांबू नये. २०१८ मध्ये यानिव्ह अर्लिख यांच्या गटाने लोकांनी स्वतः इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळींतल्या कोट्यवधी नोंदी जोडून १ कोटी ३० लाख माणसांचा एकच वंशवृक्ष बांधला. त्यातली बहुतेक माणसं युरोपातली आणि युरोपातून अमेरिकेत गेलेली. १७५० पूर्वी नवरा-बायकोंच्या जन्मगावांमधलं अंतर सर्वसाधारणपणे दहा किलोमीटर असायचं. आपल्याकडच्या भाषेत सोयरीक पंचक्रोशीतली. १८७० नंतर हे अंतर झपाट्याने वाढलं आणि १९५० मध्ये जन्मलेल्यांच्या बाबतीत १०० किलोमीटरवर गेलं. इथपर्यंत सायकल, आगगाडी, कारखाने सगळे खूश. पण त्याच वंशवृक्षात जोडप्यांमधलं रक्ताचं नातंही मोजता आलं. १६५० ते १८५० पर्यंत नवरा-बायकोंना सरासरीने पाच पिढ्यांमागचं एक जोडपं सामाईक असे. १८०० ते १८५० या पन्नास वर्षांत लग्नाचं अंतर दुपटीहून वाढलं, तरी हे नातं विरलं नाही. उलट किंचित घट्ट झालं. म्हणजे माणसं लांब जाऊनही नात्यातच लग्न करत राहिली.

असं का व्हावं? ते शतक युरोपात घराण्यांच्या एकोप्याचं होतं. भांडवल घरात राहावं, भागीदारी टिकावी म्हणून मध्यमवर्गात चुलत-मावस भावंडांची लग्नं वाढली होती. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये मामेबहिणीशी लग्न केलं, आणि त्याचाच मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये अशा लग्नांचं प्रमाण मोजायचा प्रयत्न केला, यातच काळाची चाहूल दिसते. आगगाडीने आधी विखुरलेल्या नातलगांना एकमेकांच्या आवाक्यात आणलं. परकी माणसं आवाक्यात आली ती नंतर. संशोधकांच्या मते अंतर वाढायला लागल्यावर रक्ताचं नातं विरायला पन्नासेक वर्षं जावी लागली, आणि बदलाचं मुख्य कारण वाहन नसून रीत हे होतं. मला हा निष्कर्ष पटतो. वाहन माणसाला नेऊ शकतं; कुणाशी लग्न करायचं हे ते ठरवत नाही. हुंड्याचं आणि जमिनीचं ओझं कमी झालं, पगारावर जगणारी तरुण पिढी शहरात वाढली, मुली शिकल्या आणि नोकरी करू लागल्या, तेव्हा कुठे आईबापांच्या ओळखीबाहेरची सोयरीक सर्रास झाली.

हा बदल डीएनएत प्रत्यक्ष घडताना पाहायचा तर पुन्हा फिनलंडकडे जावं लागतं. २०२१ मध्ये सिनी केर्मिनेन आणि सहकाऱ्यांनी १९२३ ते १९८७ या काळात जन्मलेल्या अठरा हजारांहून अधिक फिन लोकांचा जन्मवर्षानुसार अभ्यास प्रसिद्ध केला. दशकागणिक प्रांतांचे जनुकीय रंग एकमेकांत उतरत जाताना त्यात दिसतात. राजधानीच्या आसपास सर्वांत आधी, दूरच्या प्रांतांत उशिरा. मध्येच एक झटका आहे. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा भाग सोव्हिएत संघाने घेतला आणि तिथल्या चार लाखांवर फिन लोकांना, म्हणजे देशाच्या दहातल्या एकाहून जास्त माणसांना, उरलेल्या देशात वसवावं लागलं. ज्या प्रांतांत ते गेले तिथल्या पुढच्या पिढीत कारेलियन वारसा एकदम वर येतो. चारशे वर्षांत तयार झालेला पूर्व-पश्चिम भेद साठ वर्षांत विरू लागला, आणि बाहेरच्या देशातून त्यासाठी कुणी यावं लागलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मग आजही डीएनएवरून माणसाचा प्रांत सांगता कसा येतो? उत्तर प्रमाणात आहे. नोव्हेम्ब्रे यांच्याच आकडेवारीत युरोपच्या प्रदेशांमधला फरक एकूण जनुकीय विविधतेच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. लाखभर जागा एकत्र मोजल्या की इतका क्षीण कलही गणिताला पकडता येतो, हे गणिताचं यश. पीटर राल्फ आणि ग्रॅहम कूप यांनी २०१३ मध्ये दाखवलं की शेजारशेजारच्या युरोपीय देशांतली कुठलीही दोन माणसं घेतली, तरी ज्यांच्या डीएनएचा तुकडा दोघांतही उरला आहे असे गेल्या दीड हजार वर्षांतले दोन ते बारा पूर्वज सापडतात. रेघा खऱ्या आहेत. पण त्या अत्यंत पुसट शाईच्या आहेत. घरपोच लाळेची कुपी मागवून ‘तुम्ही अमुक टक्के आयरिश’ असं सांगणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात ही पुसट शाई गडद करून छापलेली असते, एवढंच.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. रचनेच्या गोष्टी करताना नैसर्गिक निवड विसरता का? प्लेगने निम्मा युरोप मारला, त्यातून तगलेल्यांची जनुकं वेगळी नसतील? २०२२ मध्ये लंडन आणि डेन्मार्कच्या दफनभूमींतल्या नमुन्यांवरून असा दावा झाला खरा, की १३४८ च्या साथीने प्रतिकारशक्तीशी निगडित ‘ईआरएपी-२’ या जनुकाचा एक प्रकार वाढवला. जगभर मथळे झाले. वर्षभरातच दुसऱ्या गटाने तीच आकडेवारी तपासून पुरावा अपुरा असल्याचं दाखवलं, आणि केंब्रिजशायरमधल्या प्लेगआधीच्या व नंतरच्या सांगाड्यांच्या स्वतंत्र अभ्यासातही तो बदल सापडला नाही. उंचीचं असंच झालं. उत्तर युरोपीय लोकांत उंचीची जनुकं निवडीने वाढली, असं काही वर्षं पाठ्यपुस्तकी थाटात सांगितलं जाई. २०१९ मध्ये दोन गटांनी दाखवलं की तो संकेत बराचसा नमुन्यांतल्या प्रादेशिक रचनेचा भास होता. म्हणजे वर सांगितलेल्या त्या पुसट रेघांनीच संशोधकांना चकवलं. दरम्यान डच पुरुष दीडशे वर्षांत सुमारे २० सेंटीमीटरने उंच झाले. इतक्या थोड्या पिढ्यांत निवड असं करू शकत नाही. दूध, मांस, स्वच्छ पाणी आणि बालपणीचे टळलेले आजार करू शकतात. निवड थांबली आहे असं मी म्हणत नाही. आइसलंडमध्ये शिक्षणाशी सांगड असलेल्या जनुकप्रकारांचं प्रमाण विसाव्या शतकात अगदी कणाकणाने घटलं, असं २०१७ मध्ये दिसलं. त्याच काळात प्रत्यक्ष शिक्षण मात्र भरमसाट वाढलं. असे कल मोजता येतात, पण ज्या वेगाने सोयरिकींनी रचना ढवळली त्यापुढे ते फार मंद आहेत.

तिसरा आक्षेप राजकीय आहे, आणि तो टाळून हा विषय लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. फ्रेंच लेखक रनो काम्यू यांनी २०११ मध्ये पुस्तक लिहून युरोपची माणसं बदलून टाकली जात असल्याची आरोळी ठोकली. तेव्हापासून ती अनेक देशांच्या निवडणुकांत घुमते आहे. आकडे काय सांगतात? इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ८१.७ टक्के लोकांनी स्वतःला गोरे म्हटलं, दहा वर्षांपूर्वी ते ८६ टक्के होते. लंडनमध्ये ते ५३.८ टक्के. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे स्विंडनला जाऊन राहिलेली गोंयकारांची हजारो कुटुंबं याच जमाखर्चात आहेत. मूळ घटकांतला हा बदल खरा आहे. हजार वर्षांत इतक्या दुरून इतकी माणसं पश्चिम युरोपात आली नव्हती, आणि ‘युरोप नेहमीच मिश्र होता’ असं म्हणून तो झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोमचा दाखलाही इथे पुरेसा नाही: जुन्या शहरांत आलेली माणसं साथीत मरत, आजच्या शहरात त्यांची मुलं जगतात आणि शिकतात. पण आरोळी ठोकणाऱ्यांचा कार्यकारणभाव चुकतो. ज्या जुन्या, गावागावच्या, परगण्यापरगण्याच्या रचनेबद्दल ते हळहळतात ती पाहुणे यायच्या आधीच विरू लागली होती. कॉर्नवॉल आणि डेव्हनमधली रेघ कराचीहून किंवा मडगावहून आलेल्याने पुसली नाही. कॉर्नवॉलच्या मुलाने लीड्सच्या मुलीशी केलेल्या लग्नाने पुसली. ब्रिटनमधल्या सुमारे साडेचार लाख माणसांच्या २०१९ मधल्या अभ्यासात असंही दिसलं, की जुन्या कोळसाखाणींच्या भागातून शिकून बाहेर पडलेले आणि मागे राहिलेले यांच्यात आता नव्या प्रकारचे जनुकीय फरक साठताहेत. त्या भागांची दैना जनुकांमुळे झाली असं यातून निघत नाही. खाणी बंद पडल्या हे त्याचं उघड कारण आहे. गावाच्या जागी वर्ग आणि पदवी यांची सोयरीक आली की रेघा वेगळ्या दिशेने पडतात, इतकंच त्यातून निघतं.

आणि आलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे ती किती लांबून आली यावर ठरत नाही. रोमा लोकांचे पूर्वज साधारण दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले. बाल्कनमार्गे पसरत पंधराव्या शतकापर्यंत ते युरोपभर पोचले होते. वाटेत मिसळलेही, आज त्यांच्यात युरोपीय अंश भरपूर आहे. तरी पाच-सहा शतकांच्या शेजारानंतर त्यांचे गट वेगळे ओळखू येतात, कारण कुठे हद्दपारी, कुठे वालाचिया-मोल्डाव्हियात १८५५-५६ पर्यंत चाललेली गुलामगिरी, आणि सगळीकडे सोयरिकीची बंद दारं. आयर्लंडच्या भटक्या ट्रॅव्हलर समाजाचं तर मूळच आयरिश आहे. १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळात बेघर झालेले ते हे, अशी सार्वत्रिक समजूत होती. २०१७ च्या अभ्यासाने त्यांचं वेगळं होणं त्याहून बरंच मागे, साडेतीनशे वर्षांच्या आसपास नेलं. देश तोच, वंश तोच, तरी आपसांतल्या लग्नांनी त्यांच्यात आणि शेजाऱ्यांत कित्येक युरोपीय राष्ट्रांमध्ये नसेल इतकं जनुकीय अंतर पडलं.

दुसऱ्या टोकाला हान्स योनातान. १७८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, डॅनिश मळेवाल्याच्या घरातल्या एमिलिया रेगिना या गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला, बाप गोरा. मालकांबरोबर कोपनहेगनला आला, १८०१ च्या लढाईत डेन्मार्कच्या बाजूने लढला, आणि १८०२ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो मालकिणीची मालमत्ता असल्याचा निकाल दिला तेव्हा पळाला. पूर्व आइसलंडमधल्या ड्यूपिवोगुर या बंदरगावात तो व्यापारी कोठीवर कामाला लागला, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं, आणि दोन मुलं मागे ठेवून १८२७ मध्ये वारला. २०१८ मध्ये त्याच्या नोंदलेल्या ७८८ वंशजांपैकी १८२ जणांच्या डीएनएतले आफ्रिकी तुकडे वेचून संशोधकांनी त्याला आईकडून मिळालेल्या जनुकसंचाचा ३८ टक्के भाग जुळवला आणि तिचं मूळ आजच्या बेनिन, नायजेरिया, कॅमेरूनच्या टापूत असावं असा निष्कर्ष काढला. हाडाचा तुकडाही हाती नसताना ही जुळणी झाली, कारण आइसलंडमध्ये वंशावळी चोख होत्या आणि त्या काळात आफ्रिकेचा वारसा घेऊन आलेलं दुसरं कुणी नव्हतं. सापडलेला प्रत्येक आफ्रिकी तुकडा त्याचाच असणार, असं गृहीत धरता आलं. आज लंडनला किंवा स्टॉकहोमला उतरलेल्या कुणासाठी दोनशे वर्षांनी हे करायला गेलं तर कितीही मोठा संगणक असो, कुठला तुकडा कुणाचा हे त्याला निवडता येणार नाही.